म्हादूची पंधरा मिनिटं

बसा की शिल्पाबाई. तिथंच पायरीवर बसा, ड्रमाच्या अंगाला सावली हाय. चहा कोराच हाय, दूधवाला आज आलाच न्हाई मेला. परवा तुम्ही बालवाडीवर हजर झालात आणि आज तिसऱ्या दिवशी विचारलंत, "गिरजाक्का, पोरं गेली की रोज तुम्ही त्या ड्रमापाशी पाणी कशाला ओतता? तिथं झाड न्हाई, काय न्हाई." तुमच्या आधीच्या बाई वर्षभर बघत व्हत्या. एका शब्दानं विचारलं न्हाई. म्हातारी खुळावली म्हणून सोडून दिली असणार. तुम्ही विचारलंत, तर ऐका. तीन वाजायला अजून वेळ हाय.

ही पोरं बसतात ती खोली आमच्या हायस्कूलची लॅब व्हती. भिंतीवर आता ससे न् हत्ती काढलेत, पण खिडकीजवळ बघा, रंग फुगून आलाय. ते ऍसिडच्या वाफेनं. कितीदा रंगवलं तरी तिथं फुगतोच. मी इथली अटेंडर, बावीस वर्षं. जोडीला म्हादू. गुंदकडचा गडी, माझ्यापरीस चार वर्षांनी मोठा, बायको न्हाई, पोर न्हाई. एक शब्द बोलायचा तर आधी दहा वेळा तोंड उघडून मिटायचा. आणि मी ही अशी टकळी. मास्तर लोक म्हणायचे, दोघांची मिळून वाचा देवानं एकट्या गिरजाला दिली.

आमच्याकडं एक पद्धत हाय बाई, तुमच्या गावाकडं हाय का ठाऊक न्हाई. कढत पाणी न्हाईतर भाताची पेज परड्यात ओतायची झाली की आधी म्हणायचं, "सरा!" डोळ्याला न दिसणारं कुणी तिथं बसलेलं असलं, तर त्याला भाजू नये. माझ्या आईनं मला शिकवलं, तिला तिच्या आईनं. म्हादूनं ती पद्धत लॅबात आणली. ऍसिडची बाटली उचलली की म्हणायचा, "सरा गे." मी बाजूला व्हायची आणि म्हणायची, "सरले." मग तो ओतायचा. माझं उत्तर येईपर्यंत बाटली तशीच धरून उभा.

महाबळेश्वर सर आमचे सायन्सचे. आधी पोट धरून हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "अरे, हे तर नियमातच बसतंय. ऍसिडला एकट्यानं हात लावायचाच न्हाई. एक ओतणारा, दुसरा पाणी घेऊन उभा राहणारा." पोरांकडनं पण तसंच म्हणवून घ्यायला लागले. सरांचं शिकवणं मला अजून पाठ हाय बघा. पाण्यात ऍसिड ओतायचं, ऍसिडात पाणी कधी न्हाई. हातात मोजे, डोळ्याला चष्मा, खिडक्या सताड उघड्या. आणि डोळ्यात उडालं तर कुणाला हाका मारत बसायचं न्हाई, धावत पाण्याखाली डोळे धरायचे. पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. दहा मिनिटांनी बरं वाटलं म्हणून उठायचं न्हाई. डॉक्टर त्याच्यानंतर.

ते पाणी भरायचं काम माझं. नळ आला तर आला, म्हणून व्हरांड्यात हा निळा ड्रम. रोज सकाळी वरच्या विहिरीवरनं बारा घागरी आणायच्या आणि ड्रम काठोकाठ भरायचा.

तेरा वर्षांमागची गोष्ट. माघातली उळवीची जत्रा. शाळेला सुट्टी पडणार, आणि आदल्या दिवशी उळवीकडं जाणारी एकच बस. ती गाठायची म्हणून त्या सकाळी मी ड्रम भरला न्हाई. तळाला चार बोटं पाणी व्हतं. म्हटलं, सुट्टीच हाय, कोण मरायला येतंय इथं. असंच म्हटलं बाई, ह्याच तोंडानं. म्हादूला सांगितलं, "ते जुनं ऍसिड टाकायचंय ना, ते सोमवारी दोघं मिळून बघू." तो "बरं" म्हणाला. पण सोमवारी तपासणीला साहेब येणार व्हते. मी जत्रेतनं दमून येणार, मला आल्या आल्या ताप नको, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी एकटाच आला आणि करायला बसला.

मी उळवीत नारळ फोडत व्हते, तेव्हा हा माणूस इथं ड्रम आडवा करून तळातलं पाणी तोंडाला लावत असणार. तोंडावर उडालं व्हतं. नळ कोरडा. चार बोटं पाणी किती पुरणार? वरच्या विहिरीला चढ हाय, डोळे मिटलेल्या माणसाला ते जमतंय काय. म्हणून उताराला लागला, ओढ्याकडं. माघात ओढा म्हणजे खडक आणि पाचोळा, पाण्याचा टिपूस न्हाई. तिथं पाय सरकला आणि डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या झिलूची गुरं तिकडं गेली, तेव्हा सापडला.

पोलीस आले. विचारलं, ड्रमात पाणी का नव्हतं? मी म्हटलं, "मी भरला व्हता साहेब, गळला असेल." सगळ्यांनी मान डोलावली. ड्रम नवा कोरा व्हता, बाई. दिवाळीला आणलेला. हे आज पहिल्यांदा माझ्या तोंडातनं निघतंय. माझ्या लेकीला, मनीषाला पण ठाऊक न्हाई.

घ्या, चहा गार होतोय.

तर म्हादूच्या जागी दुसरं कुणी आलं न्हाई. मी एकटी. महाबळेश्वर सरांची बदली झाली. पोरं पण कमी होत गेली. इकडं माणसापरीस अस्वलं जास्त, शाळा भरणार कुठनं? गेल्या माघात अकरा पोरं उरली व्हती, त्यांना दुसऱ्या शाळेत घातलं आणि ही मिटली. हुकूम आला, सोमवारपासून ह्या खोलीत बालवाडी. आणि खालच्या कपाटात तीन बाटल्या ऍसिडच्या. लेबलं खाऊन गेलेली, बुचातनं पांढरा धूर. दोन-दोन, तीन-तीन वर्षांची पोरं खेळणार तिथं. मला रात्रभर झोप न्हाई.

विनायक सर म्हणून नवे व्हते, ते शनिवारी जोयड्याहून येणार व्हते. ठरलं व्हतं, ते ओतणार, मी पाणी घेऊन उभी राहणार. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता वरच्या खडकावर जाऊन फोन लावला, तिथंच जरा रेंज येते. सर म्हणाले, "रस्त्यात झाड पडलंय, गाडी पुढं जात न्हाई. अक्का, तुम्हाला सगळं येतंय की. तुम्हीच करून टाका." आणि कट.

मला येत व्हतं, हे खरं. चार वाजता बस व्हती. त्या बसनं मी कायमची खानापूरला लेकीकडं निघणार व्हते, ट्रंक दारात बांधून ठेवलेली. घरात तरी कोण व्हतं माझं? नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, संध्याकाळी भांडायला पण माणूस न्हाई. म्हटलं, हे एवढं उरकते आणि ह्या रानाला एकदाचा राम राम करते.

पहाटे उठून ड्रम काठोकाठ भरला व्हता. म्हादू गेल्यापासून तो मी एक दिवस रिकामा ठेवला न्हाई. लॅबाच्या खिडक्या उघडल्या. बाहेर सागाची पानं गळत व्हती, एकेक, ताटली पडल्यासारखी. बाकी चिडीचूप. प्लास्टिकचा मोठा टब अर्धा पाण्यानं भरला. मोजे घातले, चष्मा लावला. पहिली बाटली उचलली आणि सवयीनं तोंडातनं गेलं, "सरा."

कोण उत्तर देणार? भिंती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत तो शब्द बोलले व्हते. डोळ्यांत पाणी आलं, चष्मा आतनं धुरकटला. पण हात चालू ठेवला. बारीक धारेनं पाण्यात ऍसिड सोडलं. मग खायचा सोडा, मूठ-मूठ. फस्स करून फेस येतो, तो बसला की पुढची मूठ. फेस यायचा थांबला की लिटमसचा निळा कागद बुडवून बघायचा, तांबडा झाला न्हाई म्हणजे ऍसिड मेलं. मग भरपूर पाणी घालून मागच्या खड्ड्यात. पहिल्या बाटलीला पाऊण तास गेला.

दुसरी बाटली उचलली. "सरा."

"सरलो."

बाई, मी दचकले न्हाई. खरं सांगते. इतकं साधं उत्तर आलं, की मला वाटलं झिलू आलाय, गुरं घेऊन. आवाज कपाटाच्या कोपऱ्यातनं आला व्हता, पण खिडकी त्याच अंगाला, म्हणून बाहेरचाच वाटला. "झिलू, थांब रे, जाऊ नको," म्हटलं. खूष झाले मी. दुसरं माणूस आलं म्हणून. सगळी बाटली टबात सोडेपर्यंत माझी बडबड चालू, बसची, लेकीची, ट्रंकेची. उत्तर एक न्हाई. बाटली खाली ठेवून खिडकीतनं वाकून बघितलं.

आवारात कुणी नव्हतं. पाचोळा इतका पडलेला, की कोंबडी चालली तरी वाजली असती. मी त्याच्यावरनं कुणाचं पाऊल ऐकलंच नव्हतं... येताना न्हाई, जाताना न्हाई.

मग मात्र मी खिडकी सोडून दाराकडं गेले. पळून जावं वाटलं. पण तिसरी बाटली उरली व्हती आणि सोमवारी पोरं येणार व्हती. घड्याळात साडेतीन. आणि बाई, इथं मी चूक केली. दुसरी बाटली नीट मारलीच न्हाई, त्याच टबात तिसरी ओतायला घेतली. चष्म्यातनं दिसेना, म्हणून तो कपाळावर सारला. शिकवलेलं सगळं त्या अर्ध्या तासात विसरले. बस चुकेल ह्या एका भीतीनं... न्हाई, खोटं कशाला बोलू. त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं न्हाई, ह्या भीतीनं.

तोंडातनं तो शब्द काढायचा नव्हता. दात आवळून धरले. बाटली टबात रिकामी केली. वाफ नाकात मिरचीची धुरी दिल्यासारखी चढली. सोड्याचं पुडकं उचललं, अख्खं. आणि कानाजवळ, अगदी इथं, कुणीतरी तोंड उघडलं... मिटलं... उघडलं...

"गिरजा. सरा म्हण की."

पुडकं हातातनं सुटलं. सगळं एकदम टबात. फेस भसकन वर आला आणि माझ्या तोंडावर.

काय सांगू ते? डोळ्यांत निखारे घातल्यासारखं. मी ओरडले, पण ऐकणार कोण, रान? दार कुठल्या अंगाला ते समजेना. टेबलाला आपटले, कपाटाला आपटले. बाहेर व्हरांड्यात ड्रम भरलेला, वीस पावलांवर, आणि मला तो सापडेना. तेव्हा कळलं बाई, म्हादूचं काय झालं असेल ते. बारा वर्षं नुसतं मनात आणत व्हते, त्या दिवशी कळलं.

मग मानेवर हात पडला. मागनं, इथं. थंड व्हता, ओला व्हता, आणि चुरचुरत व्हता. त्यानं मला वाकवलं आणि ओढत नेलं. उंबरा लागला, व्हरांडा लागला. डोकं खाली दाबलं आणि डोळ्यांवर पाण्याची धार आली. तांब्यावर तांब्या, धार तुटू न देता. मी झटापट केली, म्हटलं सोड, पुरे, बरं वाटतंय... हात हलला न्हाई. आणि वरनं आवाज, सावकाश.

"एक."

बऱ्याच वेळानं, "दोन."

चौथ्या मिनिटाला मी रडायला लागले. तो म्हणत व्हता, "डोळे उघड." मी उघडत व्हते. नवव्याला बसचा हॉर्न वाजला, बस आली, थांबली, गेली. त्यानं मोजणं सोडलं न्हाई. पंधरा झाली आणि धार थांबली. इतकी शांतता, की ड्रमाच्या तोटीतनं थेंब पडताना ऐकू येत व्हता. मानेवरचा हात उठला.

"आता माझी पाळी, गिरजा."

मी डोळे किलकिले केले. समोर दोन पाय दिसले, अनवाणी. बोटांत सागाचा पाचोळा अडकलेला. माझ्याभोवती सगळीकडं पाणीच पाणी, आणि ते पाय कोरडे. पांढऱ्या धुळीनं माखलेले, ओढ्याच्या धुळीनं. तांब्या माझ्या हातात दिलेला व्हता. कधी दिला, कळलं न्हाई. वर बघायचं धाडस झालं न्हाई, बाई. त्यानं माझे डोळे वाचवले, आणि मी त्याच्या तोंडाकडं नुसतं बघू पण शकले न्हाई. तांब्या टाकला आणि पळत सुटले.

म्हणजे दुसऱ्यांदा सोडून गेले. ऐकलंत ना? दुसऱ्यांदा.

झिलूनं लॅबला कुलूप घालून किल्ली माझ्या कमरेला खोचली आणि मला गाडीवर घालून जोयड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई म्हणाली, "आजी, डोळे कुणी धुतले तुमचे? नीट पंधरा मिनिटं धुतलेत, म्हणून नजर राहिली." मी म्हटलं, "जोडीदारानं." तिनं मानेवर मलम लावलं. विचारलं, इथं चार ठिकाणी बोटांएवढं भाजलंय ते कशानं? मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

आठ दिवसांनी माघारी आले, ट्रंक न्यायला. लॅब उघडली. टब धुऊन उपडा घातलेला. तिन्ही बाटल्या तीन पाण्यांनी धुऊन टेबलावर ओळीनं पालथ्या. म्हादूची रीत तीच व्हती. विनायक सर म्हणाले, मी आलोच नव्हतो. किल्ली तर माझ्या कमरेला व्हती, म्हणून बालवाडी पण आठ दिवस भरली नव्हती. बाहेर ड्रम बघितला, तळापर्यंत कोरडा ठणठणीत. मी धावत सुटले तेव्हा त्यात निम्म्याच्या वर पाणी व्हतं.

त्या दिवशी ट्रंक सोडली आणि विहिरीवर गेले. चार घागरी भरून आणल्या. ड्रमापाशी उभी राहिले, डोळे मिटले आणि म्हटलं, "म्हादू, तोंड वर कर." आणि ओतलं, मोबाईलवर गजर लावून पंधरा मिनिटं. चारी घागरी संपल्या. डोळे उघडले तर...

इथं हात लावा, बाई. लावा की, भिऊ नका. काल तीन वाजता इथं चार घागरी ओतल्यात, परवा ओतल्यात, वर्षभर ओततेय. माती भिजत न्हाई. भर पावसाळ्यात सगळ्या आवारात चिखल, आणि मी ओतलेलं पाणी खाली पोचतच न्हाई. मधेच कुठंतरी जातं. पहिले चार दिवस मी भ्याले. मग बरं वाटायला लागलं. पोचतंय म्हणायचं. त्याच्यापर्यंत पोचतंय.

वर्षभर तो एक अक्षर बोलला न्हाई. मीच बोलायची. गावात कोण मेलं, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं. खोटं कशाला, सवय लागली व्हती. दिवसात एवढी पंधरा मिनिटं कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं.

पण मनीषा ऐकेना. "आई, वर्ष झालं, आता रविवारी गाडी घेऊनच येते." मी पण मनाची तयारी केली. काल शेवटची घागर ओतली आणि म्हटलं, "म्हादू, ड्रम मी भरला नव्हता. सगळ्यांना खोटं सांगितलं. वर्षभर ओततेय बाबा. आता माझंही वय झालं, लेक न्यायला येतेय. तुझं पुरं झालं असलं तर मला मोकळी कर."

पानं पडत व्हती. मग तोंड उघडून मिटल्याचा आवाज... पुन्हा उघडून मिटल्याचा...

"गिरजा," म्हणाला, "एक झालं."

मला समजलंच न्हाई. म्हटलं, "एक काय रे?"

"मिनिट."

वर्षाचं एक, बाई. म्हणजे अजून चौदा. मला साठ झाली, म्हणजे चौऱ्याहत्तर. माझी आई ऐंशीला गेली, तेव्हा जमेल बहुतेक. रात्रीच खडकावर जाऊन मनीषाला फोन केला, येऊ नको म्हणून. भांडली, रडली. काय सांगणार तिला?

न्हाई, तुम्ही काय बोलू नका. मी मधेच गेले तर पुढं कोण, हे मी तुम्हाला विचारत न्हाई. अशा कामाला घाईनं "व्हय" म्हणू नये. घागर त्या कोपऱ्यात असते, तेवढं फक्त बघून ठेवा. चला, तीन वाजले. पोरं तर मगाशीच गेली.

उठू नका, बसा तिथंच. ओतताना तुमच्यावर थेंब येणार न्हाई. मधे तो उभा हाय.